जुन्या टूर द फ्रान्सचा निकाल कसा तपासावा: तक्ता, घड्याळ आणि वॅट

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या विजेत्यांची यादी उघडली की १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे नावच नाही. लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली आणि ती कुणालाच दिली नाहीत. त्याच यादीत १९९६ पुढे मात्र ब्यार्ने रीस आहे, ईपीओ (तांबड्या पेशी वाढवणारं, बंदी असलेलं औषध) घेतल्याची जाहीर कबुली त्याने २००७ मध्ये दिलेली असूनही. १९९८ पुढे मार्को पांतानी आहे, आणि त्या टूरमधले त्याचे नमुने पुढे तपासले तेव्हा त्यांत ईपीओ सापडलं होतं. थोडक्यात, यादीतलं नाव किंवा रिकामी जागा पाहून त्या वर्षी काय झालं ते कळत नाही.

ते कळून घ्यायचं असेल तर दोन कामं करावी लागतात. एक, कुणाचा निकाल कुणी, कधी आणि कशामुळे बदलला याचा तक्ता. दुसरं, निवडक चढांवरच्या वेळा स्वतः मोजून त्यातून स्वाराने लावलेल्या ताकदीचा, म्हणजे वॅटचा, अंदाज. ही दोन कामं दोन वेगळ्या पानांवर ठेवा. पहिल्या पानावर निर्णय, दुसऱ्यावर अंदाज. बहुतेक वाद हे दुसऱ्या पानावरचे आकडे पहिल्या पानावर नेल्यामुळे होतात.

तक्ता मांडताना

स्प्रेडशीटमध्ये एका टूरला एक शीट घ्या. रकाने असे: पॅरिसला जाहीर झालेला क्रमांक, वेळेचं अंतर, आज अधिकृतपणे असलेला क्रमांक, बदल कुणी केला, बदलाची तारीख, कारण, आणि शेवटी "तेव्हा कोणती चाचणी उपलब्ध होती". हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि मग "त्याची एकही चाचणी पॉझिटिव्ह आली नव्हती" या वाक्याला उगाच वजन येतं.

कारणाच्या रकान्यात नुसतं "डोपिंग" लिहू नका. निदान पाच प्रकार वेगळे ठेवावे लागतात.

निकाल रद्द आणि जागा भरली: २००६ मध्ये फ्लॉइड लँडिसच्या जागी ऑस्कर पेरेरो, २०१० मध्ये अल्बेर्तो कोंतादोरच्या जागी अँडी श्लेक. निकाल रद्द आणि जागा रिकामी: आर्मस्ट्राँगची सात वर्षं. कबुली आहे पण निकाल शाबूत: १९९६ चा रीस, किंवा रिशार विरांकच्या लाल ठिपक्यांच्या जर्सी. मुंबई–पुणे शर्यतीत ज्याला आपण घाटाचा राजा म्हणतो तो मान विरांकने टूरमध्ये सात वेळा मिळवला, २००० साली लीलच्या कोर्टात कबुली दिली, जर्सी तरीही त्याच्याच नावावर आहेत. चौथा प्रकार, नंतरच्या तपासणीत नाव आलं पण शिक्षा नाही: १९९८ चे पांतानी आणि यान उलरिख. पाचवा, शर्यत चालू असतानाच बाहेर काढलेले: १९९८ चा फेस्टिना संघ, २००७ चा मायकेल रासमुसेन. या पाचव्या प्रकारातली नावं अंतिम निकालात दिसतच नाहीत, म्हणून ती टप्प्यांच्या निकालांतून शोधून भरावी लागतात.

जुन्या फ्रेंच निकालपत्रांत टप्पा सुरूच न केलेला, मध्येच सोडलेला आणि वेळेच्या मर्यादेबाहेर आलेला स्वार यांच्यासाठी वेगवेगळ्या खुणा असतात. त्या तशाच उतरवून घ्या. रासमुसेन पिवळ्या, म्हणजे एकूण आघाडीवर असलेल्याच्या, जर्सीत ओबिस्क घाटाचा टप्पा जिंकला आणि त्याच रात्री त्याच्या संघाने त्याला घरी पाठवलं. निकालपत्रात तो पुढच्या टप्प्यावर "सुरुवात केली नाही" एवढाच दिसतो. खरं कारण तुमच्या तक्त्यातच लिहिलेलं असेल.

वेळेच्या अंतराचा घोळ हमखास होतो. २००६ च्या मूळ निकालात लँडिस पहिला, पेरेरो ५७ सेकंदांनी मागे, आंद्रेआस क्लोडेन १ मिनिट २९ सेकंदांनी मागे. लँडिस गेल्यावर सगळी अंतरं पेरेरोपासून मोजायची, म्हणून क्लोडेनचं अंतर ३२ सेकंद. हे वजाबाकीचं काम फक्त जागा भरलेल्या वर्षांत करा. २००३ मध्ये उलरिख ६१ सेकंदांनी दुसरा होता. पहिला रद्द झाला तरी उलरिख दुसराच आहे आणि ते ६१ सेकंद अजूनही आर्मस्ट्राँगपासूनच मोजलेले आहेत. तिथे नवा शून्य धरायला कुणी नाही.

टप्प्यांच्या वेळा बेरजेला घेतल्या आणि अंतिम वेळेशी जुळल्या नाहीत तर आधी बोनस सेकंद पाहा. त्या काळात साध्या टप्प्यांच्या शेवटी पहिल्या तिघांना २०, १२ आणि ८ सेकंद वजा मिळत. १९९८ ची बेरीज करताना आणखी एक खड्डा आहे. २९ जुलैचा आल्बेरव्हिल ते एक्स-ले-बँ हा सतरावा टप्पा स्वारांनी पोलिसांच्या धाडींच्या निषेधार्थ रखडवला, अंगावरचे क्रमांक फाडले आणि शेवटी तो रद्दच झाला. त्या ओळीत शून्य टाकू नका, रिकामी ठेवा. शून्य टाकलं की सरासरी वेग बिघडतो. त्या वर्षी डब्लिनहून निघालेल्या १८९ जणांपैकी पॅरिसला ९६ पोचले. उरलेले कसे गळाले, ही माहिती त्या टूरपुरती विजेत्याच्या नावापेक्षा जास्त सांगते. फेस्टिनाला संचालक झाँ-मारी लब्लाँ यांनी काढलं, ओन्से आणि बानेस्तो हे स्पॅनिश संघ स्वतःहून निघून गेले, टीव्हीएमने स्वित्झर्लंडमध्ये पोचल्यावर शर्यत सोडली. तिन्ही गोष्टी एकाच "सोडली" या शब्दाखाली घालू नका.

चाचणीचा रकाना

हा भरायला चार-पाच तारखा पुरतात. १९९७ पर्यंत ईपीओला कसलाच अडसर नव्हता. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, पुरुषांसाठी हिमॅटोक्रिटची मर्यादा ५० टक्के ठरवली. रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा त्याहून जास्त निघाला तर स्वाराला पंधरा दिवस विश्रांती. ही शिक्षा नव्हती, कागदावर ती आरोग्याची काळजी होती. व्यवहारात ती मर्यादा लक्ष्यच ठरली: ४९ पर्यंत न्यायचं आणि तपासणीच्या आधी सलाइन लावून रक्त पातळ करायचं.

लघवीतून ईपीओ ओळखणारी चाचणी २००० च्या सुमारास आली आणि सायकलिंगमध्ये २००१ पासून वापरात आली. दुसऱ्याचं रक्त चढवलेलं पकडणारी चाचणी २००४ मध्ये. जैविक पासपोर्ट, म्हणजे स्वाराच्या रक्ताच्या आकड्यांची सलग नोंद, २००८ मध्ये. स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवून नंतर चढवलं तर ते थेट पकडणारी चाचणी या सगळ्या काळात नव्हती, आणि ऑपरेशन पुएर्तो या स्पॅनिश पोलिसांच्या कारवाईत २००६ साली माद्रिदला सापडल्या त्या नेमक्या रक्ताच्या पिशव्या.

म्हणून १९९८ च्या ओळीत "निगेटिव्ह" हा शब्द ईपीओबद्दल काहीच सांगत नाही. त्या वर्षीचं प्रकरण प्रयोगशाळेत उघड झालंच नाही. फेस्टिनाचा मालिशवाला विली व्हूट ८ जुलैला बेल्जियम-फ्रान्स सरहद्दीवर औषधांनी भरलेल्या गाडीसह पकडला गेला, तिथून ते सुरू झालं. गोठवलेले नमुने फ्रान्सच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये संशोधनासाठी पुन्हा तपासले आणि नावं फ्रेंच सिनेटच्या अहवालातून जुलै २०१३ मध्ये बाहेर आली. संशोधनासाठीच्या तपासणीत दुसरा, खात्रीचा नमुना उघडत नाहीत, शिवाय कारवाईची मुदतही उलटून गेली होती. शिक्षा न होण्याची ही दोन कारणं तक्त्यात लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की निर्दोष सुटले.

मोजायला टप्पा कुठला घ्यावा

आता दुसरं पान. सुरुवात टाइम ट्रायलने करा, कारण स्वार एकटा असतो आणि पुढच्याच्या आडोशाचा हिशेब टळतो. सगळ्यात सोयीचा टप्पा २००४ चा सोळावा: बूर-द्वाझाँ ते आल्प द्युएझ, १५.५ किलोमीटर. आर्मस्ट्राँग ३९ मिनिटं ४१ सेकंद, उलरिख त्याच्या १ मिनिट १ सेकंद मागे. आर्मस्ट्राँगने दोन मिनिटं आधी सुटलेल्या इव्हान बास्सोला घाटातच गाठलं.

चढ निदान ७ टक्के सरासरीचा आणि अर्ध्या तासाहून लांब असावा. ५ टक्क्यांच्या चढावर वाऱ्याचा आणि आडोशाचा वाटा इतका मोठा होतो की अंदाजाला अर्थ राहत नाही. १५ मिनिटांच्या छोट्या चढावर चांगला स्वार कुठलंही औषध न घेता मोठे आकडे दाखवू शकतो. आणि तीन आठवड्यांच्या शर्यतीत पहिल्या आठवड्यातल्या चढापेक्षा तिसऱ्या आठवड्यातला चढ जास्त बोलका असतो. थकवा दिसायला हवा तिथे तो दिसतो का, हे पाहायचं असतं.

घड्याळ लावताना

न कापलेलं चित्रीकरण लागतं. सारांश दाखवणारे व्हिडिओ निरुपयोगी, कारण त्यांत मधली मिनिटं गाळलेली असतात आणि जोड दिसतही नाही. चित्रीकरण सलग आहे का ते तपासायला पडद्यावरचं शर्यतीचं घड्याळ आणि व्हिडिओचा काळ दहा-दहा मिनिटांनी ताडून पाहा. फरक सेकंदाहून वाढला तर ती प्रत सोडून द्या.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये "ई" कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते. युरोपी प्रक्षेपणात सेकंदाला २५ फ्रेम असतात, त्यामुळे मोजणाऱ्याची चूक नगण्य होते. खरी चूक होते ती रेषा कुठे धरायची यात.

आल्प द्युएझच्या २१ वळणांना खालून वर उलटे आकडे आहेत, २१ वं सगळ्यात खाली. वेळांच्या प्रचलित याद्यांपैकी काही १३.८ किलोमीटर धरतात, काही गावाजवळून १४.५. या एका फरकामुळे पांतानीची १९९५ ची वेळ वेगवेगळ्या ठिकाणी मिनिटाहून जास्त फरकाने छापलेली आढळते. रेषा एकच ठरवा: सपाट रस्ता संपून चढ एकदम १० टक्क्यांच्या आसपास जातो ती जागा, तिथून शेवटपर्यंत १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, म्हणजे १,११८ मीटर उंची. या रेषेने आर्मस्ट्राँगची २००४ ची वेळ ३७:३६ धरली जाते.

अधिकृत ३९:४१ आणि ३७:३६ यांत २ मिनिटं ५ सेकंदांचं अंतर आहे. ते सुरुवातीच्या १.७ किलोमीटर सपाट रस्त्याचं, ताशी सुमारे ४९ किलोमीटर वेगाने. हिशेब बसतो. तुमच्या मोजणीत हा तुकडा ताशी ६० वर गेला तर रेषा चुकली आहे.

हिशेब

वेळ आधी सेकंदांत लिहा. स्प्रेडशीटमध्ये ३७:३६ असं टाकलं की ती ३७ तास ३६ मिनिटं समजते. २,२५६ सेकंद असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

पहिला आकडा तासाला चढलेले मीटर, ज्याला व्हीएएम म्हणतात: उंची गुणिले ३,६०० भागिले सेकंद. १,११८ × ३,६०० ÷ २,२५६ = १,७८४. यावरून दर किलो वजनामागे वॅट काढायचे तर व्हीएएमला (२०० + चढाच्या टक्क्यांची दहापट) या संख्येने भागायचं. १,७८४ ÷ २८१ = ६.३५. हे सूत्र मिकेले फेरारीचं, म्हणजे खुद्द आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरचं, ज्याच्यावर नंतर आजन्म बंदी आली. सूत्र मात्र ठीक आहे, ६ ते १० टक्क्यांच्या चढांवर पुरेसं जवळ जातं.

दुसरा, खात्रीचा मार्ग भौतिकशास्त्राचा. स्वार ७० किलो, सायकल, बूट, कपडे आणि बाटली मिळून ८ किलो धरा. यूसीआयच्या नियमाने सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही, त्यामुळे ८ हा आकडा रास्त आहे.

उंची चढायला: ७८ × ९.८१ × १,११८ ÷ २,२५६ = ३७९ वॅट. टायरच्या घर्षणाला: गुणांक ०.००४, वेग सेकंदाला ६.१२ मीटर, सुमारे १९ वॅट. हवेला: त्या उंचीवरची घनता १.०७, समोरचं परिणामी क्षेत्रफळ ०.३५ चौरस मीटर धरलं तर ४३ वॅट. बेरीज ४४१. साखळी आणि गिअरमध्ये अडीच टक्के वाया जातात, म्हणून ०.९७५ ने भागा: ४५२ वॅट. किलोमागे ६.४६.

दोन पद्धतींत ०.१ चा फरक आला, तो चालतो. ०.४ चा आला तर कुठेतरी चूक आहे, आणि बहुधा ती एकच असते: अधिकृत ३९:४१ ही वेळ घेऊन अंतर मात्र १३.८ चं धरणं. तसं केलं तर व्हीएएम १,६९० आणि किलोमागे ६.०२ येतात. रेषेच्या एका चुकीने वादग्रस्त आकडा सभ्य दिसायला लागतो.

आकडा कशाने हलतो

वाऱ्याने सगळ्यात जास्त. वरच्याच उदाहरणात पाठून सेकंदाला २ मीटरचा, म्हणजे ताशी जेमतेम ७ किलोमीटरचा वारा धरा: ६.४६ चे ६.१ होतात. तोच वारा समोरून धरा: ६.९ च्या वर जातात. झाडाची पानं हलवणारा हा वारा, आणि निष्कर्ष इकडचा तिकडे. नागमोडी घाटात वारा दर वळणाला बाजू बदलतो, त्यामुळे परिणाम बराचसा खोडला जातो, पण एकाच दिशेने चढणाऱ्या रस्त्यावर तसं होत नाही. हेलिकॉप्टरच्या चित्रांत झेंडे आणि धूर पाहून वाऱ्याची दिशा तक्त्यात नोंदवा. अंदाज नसेल तर एक आकडा लिहूच नका, पट्टा लिहा: ६.१ ते ६.९.

वजनाने दुसऱ्या क्रमाने. प्रत्येकाचं खरं वजन शोधण्याच्या नादी लागू नका. संघांनी छापलेली वजनं हंगामाच्या सुरुवातीची असतात आणि जुलैत स्वार हलका झालेला असतो. सगळ्यांना ७० किलो धरून तुलना करा. मात्र ६० किलोच्या स्वाराला हीच वेळ गाठायला किलोमागे थोडे जास्तच वॅट लागतात, कारण सायकलचं वजन आणि हवा त्याच्यासाठी कमी होत नाहीत. पांतानीसारख्या लहान चणीच्या स्वाराचा आकडा या पद्धतीत किंचित कमी दिसतो.

मग आडोसा. साध्या टप्प्यात सहकाऱ्यांमागे अर्धा घाट चढलेल्याचे हवेचे वॅट साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी धरा. आर्मस्ट्राँगच्या यूएस पोस्टल संघाचे सहकारी खालून वेग धरत आणि तो शेवटच्या काही किलोमीटरांत सुटे, तेव्हा पूर्ण चढाला एकच नियम लावू नका. चढाचे तुकडे करा.

आणि डावपेच. १९९८ मध्ये प्लातो द बेय या घाटाचा टप्पा पांतानीने जिंकला, आणि त्याची वेळ बरीच वर्षं विक्रम मानली जायची. २०२४ मध्ये तादेय पोगाचारने ती तीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडली. यातून घाईने काही काढायचं झालं तर दोन्ही बाजूंनी चूक होते. १९९८ मध्ये पांतानी खालपासून जोरात निघाला नव्हता, तर २०२४ मध्ये पोगाचारचा प्रतिस्पर्धी असलेल्या योनास विंगगोच्या संघाने पायथ्यापासूनच वेग लावला. मधल्या काळात टायर, सायकली, कपडे आणि शर्यतीत तासाला किती कर्बोदकं घ्यायची याचं शास्त्रही बदललं. वेळ ही त्या दिवशीच्या शर्यतीची असते, स्वाराच्या कमाल ताकदीची असेलच असं नाही.

यंत्रणा पारखून घ्यायची असेल तर ज्याच्या सायकलला वीजमापक आहे अशा मित्राला सिंहगडाच्या गाडीरस्त्याने एकट्याने चढायला सांगा. वाराविरहित सकाळी, वजन करून, ठरलेल्या दोन खुणांमध्ये. तुमच्या सूत्राचा आकडा आणि मापकाचा आकडा यांत तीन-चार टक्क्यांहून जास्त फरक आला तर उंचीचा आकडा पुन्हा तपासा. फोनमधल्या जीपीएसची उंची घाटात भलतीच भरकटते.

रक्ताचे आकडे मिळाले तर

कधी कधी निकालपत्रांत किंवा चौकशीच्या अहवालांत स्वाराचे रक्ताचे आकडे छापलेले असतात. एकट्या हिमॅटोक्रिटवर जाऊ नका. पाणी कमी प्यायलं की तो वाढतो, सलाइनने उतरतो, आणि काहींचा जन्मतःच जास्त असतो. ओळ पाहा. तीन आठवडे रोज चार-पाच तास सायकल मारल्यावर रक्तातलं पाणी वाढतं आणि हिमॅटोक्रिट व हिमोग्लोबिन खाली सरकायला हवेत. तिसऱ्या आठवड्यात ते सपाट राहिले किंवा चढले, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

दुसरा आकडा रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्या तयार झालेल्या तांबड्या पेशी. बाहेरून रक्त चढवलं किंवा ईपीओ घेऊन थांबवलं की शरीर स्वतःचं उत्पादन कमी करतं आणि हा टक्का घसरतो. दोन्ही एकत्र पाहायला ऑफ-स्कोअर काढतात: लिटरमागचं हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये, त्यातून रेटिक्युलोसाइटच्या टक्क्याच्या वर्गमुळाची ६० पट वजा. हिमोग्लोबिन १५० आणि रेटिक्युलोसाइट १ टक्का असेल तर ९०, म्हणजे सर्वसाधारण. हिमोग्लोबिन १६५ आणि रेटिक्युलोसाइट ०.२५ टक्का असेल तर १३५, म्हणजे तज्ज्ञांकडे जाणारी फाइल. एकक तपासा: अनेक अहवालांत हिमोग्लोबिन डेसीलिटरमागे, १५ किंवा १६.५ असं दिलेलं असतं. त्याला दहाने गुणायला विसरलात तर उत्तर उणे येईल, आणि निदान चूक लगेच कळेल.

तक्ता इतरांना दाखवण्यापूर्वी

दुसऱ्या पानावरच्या वॅटच्या आकड्यापुढे "डोपिंग" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. ६.४ हा आकडा गुन्हा नाही. आर्मस्ट्राँगचे निकाल गेले ते साक्षींमुळे. अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेने, यूसाडाने, ऑक्टोबर २०१२ मध्ये दिलेल्या निर्णयात संघातल्या सहकाऱ्यांच्या शपथेवरच्या जबान्या आणि पैशांच्या नोंदी आहेत. घाटातल्या वेळेवरून आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

पहिल्या पानाच्या डोक्यावर "शेवटची तपासणी" म्हणून तारीख लिहा आणि वर्षातून एकदा बदला. रीसचं नाव टूरच्या आयोजकांनी २००७ मध्ये गाळलं आणि पुढच्याच वर्षी शेऱ्यासह परत घातलं. उलरिखचा २००५ चा तिसरा क्रमांक फेब्रुवारी २०१२ पर्यंत टिकून होता, मग क्रीडा लवादाने १ मे २००५ पासूनचे त्याचे निकाल रद्द केले. त्याच्या २०००, २००१ आणि २००३ च्या दुसऱ्या क्रमांकांना हात लागलेला नाही. लीव्हाय लाइपहायमरचा २००७ चा तिसरा क्रमांकही असाच पाच वर्षांनी गेला. २००७ ची जुनी प्रत उतरवून घेतली असेल तर ती ओळ आधी दुरुस्त करा.